रूपरावांच्या कॅमेऱ्याचा पट्टा

"हा पट्टा नोहे, फास हाय फास. मागच्या जल्मी म्या कोणाले तरी लटकवलं असन, तो आता मानंवर बसून सूड घेऊन राह्यला."

रूपराव हे कोणाला उद्देशून म्हणत नव्हते. स्टुडिओच्या बाकावर एकटेच बसून ते गळ्यातल्या कॅमेऱ्याशी पुटपुटत होते. पण मधे होता एक काळा पडदा, आणि पडद्याच्या आत हातभर अंतरावर, लाल दिव्याखाली, त्यांची बायको कोकिळा ताटलीतला कागद चिमट्यानं खालीवर करत उभी होती. वीस वर्षांच्या संसारात तिला एवढं समजलं होतं, की नवऱ्याचं पुटपुटणं बायकोला ऐकू जाईल इतकंच हळू असतं.

"असा आखूड अन् कडक पट्टा, त कॅमेरा थिर राहीन कसा?" पडद्यापलीकडून पुढचं आलं.

कोकिळेनं ताटलीत पाहिलं. कागदावर हळूहळू एक लग्न उमटत होतं. नवरी, नवरदेव, मामा, अंतरपाट धरलेले दोघे जण. सगळ्यांना दोन-दोन नाकं होती.

तिनं कागद निथळला आणि दोरीला टांगला. ते लग्न काही पुन्हा लागणार नव्हतं.

हिंगणघाटात त्या साली, म्हणजे एकोणऐंशीत, फोटोची दुकानं तीन होती. तरी 'फोटू काढाले जातो' याचा अर्थ रूपरावांकडे जातो असाच होता. त्यांचा कॅमेरा दोन डोळ्यांचा, चौकोनी, डब्यासारखा. तो डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरायचा, वरून मान घालून काचेत पाहायचं, आणि गळ्यातला पट्टा खाली ओढून ताठ ठेवायचा. पट्टा ताठ राहिला की कॅमेरा हलत नाही. हे अगदी खरं आहे. म्हणून तर पट्ट्याला दोष देणं इतकं सोपं गेलं.

एके काळी रूपराव देवळाच्या गाभाऱ्यात, समईच्या उजेडात, हातात कॅमेरा धरून फोटो काढायचे. स्टँडला हात लावत नसत. "स्टँड शिकाऊ माणसाले," म्हणायचे, आणि श्वास रोखून असे उभे राहायचे की त्यांच्या खांद्यावर चिमणी येऊन बसली असती. कोकिळा चौथी शिकलेली. कागद धुणं, निगेटिव्ह ओळखणं, पेन्सिलीच्या टोकानं चेहऱ्यावरचे डाग घालवणं, हे सगळं त्याच हातांनी तिला शिकवलं होतं. तिचं बोट धरून.

दोन वर्षांपूर्वी पहिला फोटो हलला. मिलमधल्या एका जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, घरच्या दारात सहकुटुंब उभं राहून तो काढून घेतला होता. रूपरावांनी पाकीट हातात दिलं आणि म्हणाले, "तुमी हालले जी." जॉबर फोटोकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हाललो असन. पायाले मुंगी चावली होती."

झालं. त्या दिवसापासून गाव हलायला लागलं. हायस्कूलचे मास्तर हलले. नगराध्यक्ष हलले. एका बाईनं सांगितलं, बाळंतपणापासून माझं अंगच थिर नाही. लोक फोटोला उभे राहताना छाती फुगवून, डोळे वटारून, श्वास कोंडून उभे राहू लागले. एक म्हातारा तर तसाच लालबुंद होऊन खाली बसला. तरी फोटो हललेलाच. आणि तरी कोणी रूपरावांना काही म्हटलं नाही. ज्या माणसानं तुमच्या लग्नाचा फोटो काढला, तुमच्या पोरांच्या जावळाचा काढला, त्याला तोंडावर कसं म्हणायचं? त्यापेक्षा आपणच हललो म्हटलेलं बरं.

कोकिळेला मात्र निगेटिव्ह दिसायची. निगेटिव्हमधे माणसांच्या मागचं तुळशीवृंदावनही हललेलं असायचं, आणि तुळशीवृंदावन काही बाळंत झालेलं नसतं.

घरातही सगळं हळूहळू, कोणी न सांगता, बदललं होतं. रूपरावांचा चहा आता अर्ध्या कपावर येऊन थांबायचा. कोकिळेनं त्यांच्या सदऱ्यांच्या गुंड्या काढून तिथं दाबाची बटणं शिवली, आणि कोणी विचारलंच तर फॅशन आहे म्हणायचं ठरवून ठेवलं. कोणी विचारलं नाही. सासूबाई, आनंदाबाई, सुईत दोरा ओवायला आधी लेकाकडे द्यायच्या, त्या आता डोळे बारीक करून अर्धा तास स्वतःच झुंजायच्या. त्यांच्या नवऱ्याचे, म्हणजे कोकिळेच्या सासऱ्यांचे हातही शेवटी शेवटी असेच झाले होते. पुढं घास दुसऱ्यानं भरवावा लागला. म्हणून त्या घरात तो शब्दच निघत नसे. दवाखान्यात गेलं तर काय होतंय ते डॉक्टरला सांगावं लागतं, म्हणून दवाखान्यातही गेले नाहीत.

त्याऐवजी पट्टा बदलणं चाललं होतं.

कॅमेऱ्याबरोबर आलेला मूळचा पट्टा चामड्याचा, बोटभर रुंद. तो मानेला कापायचा हे खोटं नव्हतं. रूपराव सकाळी अंघोळ करून जो कॅमेरा गळ्यात घालत, तो संध्याकाळी देवाला दिवा लागेपर्यंत. बाजारात जाताना, मिलच्या दारातून येताना, कुठं काय चांगलं दिसेल सांगता येत नाही म्हणत. त्यामुळं मानेवर एक लाल रेघ कायमची पडली होती. मग आनंदाबाईंनी खाटेच्या नवारीचा पट्टा शिवला, आत कापूस भरून. तो गादीसारखा मऊ होता आणि उन्हाळ्यात गादीसारखाच गरम. घामोळ्या आल्या. "माये, हा पट्टा हाय का रजई?" रूपराव म्हणाले. "तुले कायनं समाधान हाय रे बाबू?" म्हातारी म्हणाली, आणि दोघांनाही बरं वाटलं. पट्ट्यावरून भांडता येत होतं.

शिवाय काढायची पंचाईत. लग्नात जेवायला बसताना, फिल्म बदलताना, कॅमेरा गळ्यातून काढायचा म्हणजे आधी टोपी, मग चष्मा, मग डोक्यावरून पट्टा. बाजूच्या बारीक बकला सोडायला जावं तर त्या बोटांत धरल्या जात नव्हत्या. "बकला घट्ट झाल्या," रूपराव म्हणायचे. कोकिळा त्यात तेल सोडायची, आणि तेल सोडताना तिच्या मनात एक विचार पक्का होत गेला.

अंगठ्यानं दाबला की सुटेल असा हूक असलेला पट्टा पाहिजे. हे त्यांच्यासाठी बरं, असं ती घरात म्हणाली. मनात दुसरं होतं. लग्नात ती फ्लॅशची पिशवी धरून त्यांच्या बगलेलाच उभी असायची. अक्षता पडायच्या क्षणी आपण हूक दाबायचा, कॅमेरा आपल्या हातात घ्यायचा, खटका दाबायचा, परत अडकवायचा. गर्दीत कोणाला दिसतंय? ते दुपारी आडवे झाले की मागच्या अंगणात तिनं दोन-तीनदा फोटो काढून, धुऊनही पाहिले होते. तुळस जागची हलली नव्हती. तो फोटो पाहून तिला आनंद झाला होता, आणि आनंद झाला म्हणून मग रात्रीच्या भाकरी थापताना स्वतःचा राग आला होता.

स्टुडिओ बंद पडला तर खायचं काय, हा प्रश्न होताच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. एखाद्या दिवशी भर मांडवात कोणीतरी आडदांड माणूस सगळ्यांसमोर ओरडेल, की रूपरावजी, हात पाहा तुमचा. तो दिवस यायच्या आत हूक यायला हवा होता.

आषाढात भाचीचं बारसं आलं. कोकिळेचं माहेर पुलगावचं. तिथं मोतीलालचं दुकान होतं. दुकान म्हणजे डिस्पोजलच्या मालाचा ढीग, आणि ढिगावर बसलेला मोतीलाल. पलटणीतले जुने बूट, ताडपत्र्या, पाण्याच्या बाटल्या, खाकी पट्टे. बारशातून निघताना ओटीत मिळालेला नारळ आणि तांदूळ तिनं रुमालात गच्च बांधले. हातावर तोलून पाहिलं. थेट कॅमेऱ्याचं वजन.

"काय पाहिजे बाई?" मोतीलालनं विचारलं.

"पट्टा पाह्यजे. गळ्यात घालाचा."

"कोणाच्या गळ्यात? म्हशीच्या?"

"नवऱ्याच्या."

मोतीलालनं मान वर केली. "मग साखळीच घ्या ना बाई. मजबूत राहते."

ती हसली. मग ढिगाशी खाली बसली आणि एकेक पट्टा उपसून, त्याला रुमालाचं गाठोडं बांधून, गळ्यात घालून दुकानातल्या दुकानात चालू लागली. पहिला अरुंद. चार पावलांत मानेत रुतला. दुसरा नायलॉनचा, दिसायला झकास, पण खांद्यावरून साबणासारखा घसरायचा. तिसरा जाड सुती, तीन बोटं रुंद, धुऊन धुऊन रंग उडालेला, कडा जुन्या लुगड्यासारख्या मऊ पडलेल्या. तो गळ्यात आहे हेच तिला दहा पावलांवर विसरायला झालं.

"हा," ती म्हणाली. "आता याले हूक."

पहिला हूक गाठोडं जरा झोकलं तसा आपसूक उघडला आणि नारळ मोतीलालच्या पायावर पडला. "मार डाला!" मोतीलाल पाय धरून बसला. दुसरा इतका कडक, की दोन्ही अंगठे लावावे लागले.

"तो जवानाच्या हातचा आहे," मोतीलाल कुरकुरला. "जोर पाहिजे."

"जवान हात नाई माह्या घरी."

"मग कसा हात आहे?"

तोंडाशी आलेलं तिनं गिळलं. "लग्नात घाई असते ना," ती म्हणाली. "पाह्याले टाइम नसते."

तिसरा हूक पाण्याच्या बाटलीचा होता. पितळी, दाबायची जीभ चांगली रुंद, बोट कुठंही पडलं तरी सापडेल अशी. झटका दिला तरी उघडेना, दाबला की आवाज न करता सुटायचा. आता एकच पाहायचं राहिलं होतं. तिनं मोतीलालकडे पाठ केली. डोळे मिटले. उजवा हात पुढं धरून तो हलवायला लागली, तसाच, जसा ती दोन वर्षं रोज पाहत होती. आधी अंगठा आणि पहिलं बोट, जणू तंबाखू चोळत आहेत, मग मनगट. तसल्या हातानं हूक उघडून पाहिला. तिसऱ्या खेपेला उघडला. हात थांबवला तरी तिला तो अजून हलतोय असंच वाटत राहिलं.

"थंडी वाजते का बाई?" मागून मोतीलाल म्हणाला.

"होव," ती डोळे पुसत म्हणाली. "बसमधून उतरताना भिजली मी."

हिंगणघाटला बसस्टँडाजवळ बंडूजी पिशव्या-बेल्ट शिवायला बसायचे. त्यांनी पट्ट्याच्या टोकांना चामडं लावून हूक बसवला, आणि मानेच्या जागी आतून घोंगडीचा तुकडा दिला. शिवता शिवता म्हणाले, "माह्या पोरीचा साखरपुड्याचा फोटू रूपरावजीनंच काढला. आमी समदे हाललो बाप्पा. तेरा माणसं होतो, तेराच्या तेरा हाललो." त्यांनी दोरा दातांनी तोडला आणि मान वर केली नाही. "चांगला करून देतो पट्टा, कोकिळाबाई. चांगला होईन सगळं."

घरी पट्टा आला तो दिवस सणासारखा गेला. "मायबाई, बैलाचा साजच झाला हा," आनंदाबाई म्हणाल्या. रूपरावांनी तो गळ्यात घातला, मान इकडून तिकडे फिरवली, अंगणात दोन फेऱ्या मारल्या, हूक दाबला, कॅमेरा तळहातावर आला. लहान पोरासारखे हसले. "वा! हे काम झालं. आता पायजो कोकिळे, कसे आरशासारखे फोटू येते!"

त्या आठवड्यात बाहेरचं काम नव्हतं. जे काही पासपोर्टचे, फॉर्मांचे फोटो निघाले, ते स्टुडिओतच. स्टुडिओत तोच कॅमेरा स्टँडवर बसवलेला असे, म्हणून ते स्वच्छ आले. त्या वेळी पट्टा नुसता खाली लोंबत असायचा, तरी यश पट्ट्याचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला रूपराव तो दाखवायचे. लोकही त्याला बोटं लावून पाहायचे. "पट्टाच खराब होता तो आंधीचा," असं म्हणताना लोकांचे चेहरे अगदी मोकळे व्हायचे. कोकिळा पडद्याआड उभी राहून ऐकायची, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, तिलाही खरं वाटायचं.

श्रावणातल्या एका ढगाळ सकाळी लक्ष्मणराव सायकलवरून आले. वेणा नदीच्या काठाला त्यांचा आणि त्यांच्या मोठ्या भावाचा, बापूरावांचा, वांग्या-मिरच्यांचा मळा होता.

"रूपरावजी, दादा गेले," ते दारातूनच म्हणाले. "पहाटंच. मोटेवर बसले अन् बसलेच राह्यले. वयनी म्हणते, येक फोटू पाह्यजे. जितेपणी येकही नाई निंघाला. न्याच्या आंधी लवकर चाला."

कोकिळेनं फिल्म घेतली, पिशवी घेतली आणि स्टँड घेतलं.

"स्टँड ठेव," रूपराव म्हणाले.

"अवो, ढगाळ हाय. असू द्या."

"नवा पट्टा हाय ना गळ्यात?"

लक्ष्मणराव उभे होते. तिनं स्टँड भिंतीला टेकवून ठेवलं.

मळ्यातल्या घराच्या ओसरीत बापूरावांना खुर्चीवर बसवलं होतं. पाठीशी उशी, हनुवटीखालून रुमाल, कपाळाला गुलाल, गळ्यात झेंडूचा हार. त्यांच्या पायाशी बायको सखूबाई बसली होती. ती रडत नव्हती. नवऱ्याच्या धोतराची कड सारखी सारखी नीट करत होती.

ओसरी अंधारी. कोकिळेनं फ्लॅश काढला, तशी एक म्हातारी पुढं आली. "मयतावर वीज नका पाडू बाई. जीव वाटंत असते, दिपून जाते." चार जणांनी माना हलवल्या. फ्लॅश पिशवीत गेला. आता कॅमेऱ्याचा डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागणार होता. कोकिळेनं मनात मोजलं. एवढ्या वेळात धडधाकट माणसाचाही हात चुकतो.

रूपराव उभे राहिले. पट्टा ताठ ओढला. वरून काचेत पाहिलं. ती बगलेला होती. कॅमेऱ्याखाली त्यांचा उजवा अंगठा आणि बोट तंबाखू चोळू लागलेले तिला दिसले. मागं पन्नास माणसं, पण सगळ्यांच्या नजरा बापूरावांवर. हीच वेळ होती. तिनं हात वर नेला आणि अंगठा हुकाच्या जिभेवर ठेवला.

रूपरावांचा डावा हात येऊन तिच्या हातावर पडला. तोही हलत होता. तिच्या हातावर पाखरू फडफडावं तसा.

"इथं नको," ते तिच्यापुरतं म्हणाले.

इथं नको. म्हणजे यांना हूक कशासाठी आणला ते ठाऊक होतं. कदाचित पहिल्या दिवशी अंगणात हसले तेव्हापासून ठाऊक होतं. तिनं हात काढून घेतला. सगळ्या मळ्यात एक खटका ऐकू आला, मग दुसरा. आधी एकट्या बापूरावांचा चेहरा, मग घरच्यांसोबत. सवयीनं रूपराव म्हणाले, "हलू नका," आणि ओसरीतल्या सगळ्या जिवंत माणसांनी श्वास कोंडले.

लाल दिव्याखाली तो चेहरा उमटला तेव्हा कोकिळेनं ताटलीच्या कडेला हात टेकले. बापूरावांना चार डोळे होते आणि दोन तोंडं. वरच्या तोंडाखाली दुसरं तोंड किंचित उघडं, जणू काहीतरी बोलायला लागलेत. घरच्यांसोबतच्या फोटोत तर ते ओळखूही येत नव्हते. तिनं गडद करून पाहिला, लहान करून पाहिला, पेन्सिलीनं एक तोंड पुसायला घेतलं. कोणतं पुसायचं ते ठरेना. फिल्मवर उजेड पडला, सगळी वाया गेली, असं सांगून टाकावं असं दोन दिवस तिच्या मनात होतं. पण माणसाचा उभ्या जन्मातला एकच फोटो. हललेला का होईना. तिनं तो पाकिटात घातला.

दहाव्याला लक्ष्मणराव आले. ती पडद्याआड होती. रूपरावांनी पाकीट दिलं आणि दोन वर्षं जिभेला बसलेलं वाक्य आपसूक बाहेर आलं.

"जरा हालले जी."

पडद्याआड कोकिळेच्या हातातला चिमटा ताटलीत पडला. लक्ष्मणरावांनी फोटो पाकिटात परत सरकवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "वारा होता जी त्या दिशी. नदीकाठ हाय ना." आणि गेले.

गाव एवढं सभ्य होतं. मेलेल्या माणसाच्या नावावरही खपवून घेतलं. कोकिळेला वाटलं, आता याच्यापुढं काय राहिलं? आता कधीच कोणी बोलणार नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सखूबाई आली. मळ्यापासून पायी. पायांना काळी माती, कपाळ मोकळं, हातात ते पाकीट. तिच्यामागे लक्ष्मणराव धापा टाकत, "वयनी, वयनी" करत. ओट्यावर आनंदाबाई वाती वळत बसल्या होत्या, त्यांचे हात थांबले. रूपराव बाकावरून उठले.

"बसा वयनी..."

"बसत नाई जी. मले येकच सांगा." तिनं फोटो काढून त्यांच्यासमोर धरला. "तुमी लक्षुमनभाऊले सांगतलं, हे हालले म्हनून."

रूपरावांनी चष्मा सारखा केला.

"चार दिवस म्या काई नाई म्हणलं," सखूबाई म्हणाली. आवाज अगदी शांत होता, हिशोब समजून घ्यायला आल्यासारखा. "पण मले झोप नाई. मेलेला माणूस हालते का जी? तुमी येवढे फोटूवाले, तुमाले वरून काचेत दिसलं असन. हालले मंजे जीव होता का त्यायच्यात? हे तोंड पाहा. उघडून राह्यले. पानी मांगत होते का? अन् आमी तसंच उचलून नेलं?"

"वयनी, वारा होता," लक्ष्मणराव रडवेले झाले. "म्या सांगतलं ना तुमाले. चाला घरी."

"वाऱ्यानं तोंड उघडते?"

"देवाच्या मनात असते बाई एकेक..." आनंदाबाई म्हणाल्या आणि मधेच थांबल्या. हातातली वात त्या उलटी वळू लागल्या.

सखूबाईनं कोणाकडे पाहिलं नाही. ती रूपरावांकडेच पाहत होती. "तुमी सांगा. तुमी म्हणलं, तुमीच सांगा. जिते होते का?"

रूपरावांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"पट्टा... पट्टा नवा हाय ना वयनी," ते म्हणाले. "हूक जरा ढिल्ला..."

"कोणता पट्टा?" सखूबाईला काही कळेना. "त्यायच्या गळ्यात त हार होता."

कोकिळा पडदा सारून बाहेर आली. हातावर अजून औषधाचं पाणी होतं, ते तिनं पदराला पुसलं. रूपरावांनी तिच्याकडे पाहिलं. तसं त्यांनी तिच्याकडे कधीच पाहिलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही. ती त्यांच्या बाजूनं न जाता सरळ सखूबाईसमोर जाऊन उभी राहिली आणि तिचे दोन्ही खांदे धरले.

"सखूबाई, बापूराव नाई हालले. ते पहाटंच गेलते, तुमी काई जिता माणूस नाई नेला. हात हालते तो यायचा. दोन वर्सं झाले, हालते. सगळ्या गावाले माहीत हाय, अन् सगळ्यायच्या आंधी मले."